धुराने बी रुजतं, म्हणून राबही बरोबर आणि वणवाही?

रहूवाला: परवा इथे एकाने लिहिलं, "दक्षिण आफ्रिकेत सिद्ध झालंय की धुराने बी रुजतं. आपले आजे राब भाजायचे, ते विज्ञानच होतं. कवळ तोडायला विरोध करणाऱ्यांनी वाचावं." (राब म्हणजे भाताची रोपं वाढवायच्या वाफ्यावर फांद्या-पाला पसरून भाजणं, आणि कवळ म्हणजे त्यासाठी तोडलेल्या फांद्या.) त्यावर नुसती वाहवा चालली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

शोध खरा आहे. १९९० साली डी लांगे आणि बाउचर यांनी तिथल्या केपच्या फिनबॉस या झुडपी रानातल्या ऑडूइनिया कॅपिटाटा या दुर्मीळ झुडपाचं बी धुराने रुजवलं. २००४ मध्ये पर्थच्या संशोधकांनी धुरातला तो रेणू हुडकून काढला. सेल्युलोज जळताना तो तयार होतो, पाण्यात विरघळतो आणि अगदी नखभर मात्रेत काम करतो. आगीनंतरच्या पावसाबरोबर तो मातीत उतरला की वर्षानुवर्षं पडून राहिलेलं बी उठतं. वर सावली नाही, जागा मोकळी. ते बी त्याच संधीची वाट बघत असतं.

भाताचं बी कसली वाट बघतंय? १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ टाकायचं, तरंगलेलं पोळ (पोकळ दाणे) काढायचं, बी दोनदा धुऊन भिजवायचं आणि गोणपाटात दडपून ठेवायचं. मोड येतातच. यात धूर कुठे आला? राब भाजतात तो मातीसाठी. वरच्या थरातलं तणाचं बी मरतं, राखेतून पालाश मिळतं, माती भुसभुशीत होते, रोपं उपटताना मुळं तुटत नाहीत. राबाचं श्रेय राबाला द्या, धुराला कशाला? आणि धूर बी उठवतो तर तणाचंही उठवेल. रानटी ओटच्या बाबतीत ते दिसलेलं आहे.

माळ्यावरचं_बी: दादा, सोयीचं तेवढंच सांगितलंत. भातावरही धुराच्या पाण्याचे (धूर पाण्यात विरघळवून केलेल्या) प्रयोग दक्षिण आफ्रिकेतच झालेत आणि रोपांचा जोम वाढलेला दिसला. ते का गाळलंत? माझी आई चुलीवरच्या माळ्याला मक्याची कणसं आणि दुधीचं बी टांगायची. तिचं बी कधी वाया गेलं नाही.

रहूवाला: जोम वाढला, मान्य. पण ते मोजून पातळ केलेलं पाणी होतं. दाट झालं तर तेच पाणी उगवण रोखतं. राबात मात्रा कोण मोजतो? आणि ताई, माळ्यावरचं बी टिकतं ते कोरडं राहतं आणि कीड लागत नाही म्हणून.

माळ्यावरचं_बी: दोन्ही कारणं एकदम खरी असू शकतात. आईने आयुष्यभर केलेल्या गोष्टीला तुम्ही एका वाक्यात निकालात काढू नका.

ऐनाची_सावली: प्रयोगशाळा राहू द्या बाजूला. गोठे रिकामे झाले, शेणखताची ट्रॉली परवडत नाही, आणि स्वतःच्या बांधावरच्या ऐनाची फांदी तोडली तरी लोक गुन्हेगारासारखं बघतात. राब नाही भाजायचा तर तण कोण काढणार? मजूर आहेत कुठे? आणि फिनबॉस जळल्याशिवाय जगत नाही, हे तुम्हीच सांगताय. मग आमचा डोंगर पेटला की एवढी बोंब का?

घाटमाथा: याच वाक्याची भीती होती! फिनबॉसात दोन आगींमध्ये साधारण १०-१५ वर्षं किंवा जास्तही जातात. तिथेही आग लवकर लवकर लागली तर प्रोटियाची झुडपं बी धरण्याआधीच संपतात. आपला डोंगर दरवर्षी पेटतो, तोही माणसाने लावलेल्या आगीने. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, बी टाकते आणि मरते. पुढच्याच उन्हाळ्यात वणवा लागला तर वीतभर रोपांचं काय होणार? गेल्या शिमग्याला आम्ही ओले टहाळे घेऊन आग झोडपत होतो. माळावर टिटवीची अंडी तडकून पडलेली होती. कुठलं बी उठलं तिथे, सांगा.

ऐनाची_सावली: आग लावणारे सगळे शेतकरीच असतात का? पर्यटकांच्या चुली, शिकारी, रस्त्यावरून फेकलेल्या विड्या यांचं नाव कोणी घेत नाही.

घाटमाथा: घेतो. पण "जाळलं की गवत दाट येतं" हे मी गावागावात ऐकलंय. पहिल्या पावसात कोंब हिरवेगार दिसतात, कारण वरचं वाळलेलं गवत गेलेलं असतं. बरोबरीने उघडी माती वाहून जाते, ती कोणी बघत नाही.

रहूवाला: मूळ मुद्दा राबाचा होता.

घाटमाथा: तुमचा असेल. राबाची ठिणगीच डोंगरावर जाते, दुपारी वारा असताना पेटवतात म्हणून.

माळ्यावरचं_बी: हे मात्र खरं आहे. आमच्याकडे राब पहाटे, वारा पडल्यावर पेटवायचे आणि वर मातीचा थर द्यायचे, म्हणजे आत धुमसत राहतो. आता तेवढा वेळ कोणी देत नाही. दादांचं धुराबद्दलचं म्हणणं मला अजूनही अर्धवटच वाटतं. मी यंदा दोन वाफे करणार आहे, एकाला पातळ धुराचं पाणी, दुसऱ्याला साधं.

रहूवाला: करा. दोन्हीकडे बी एकाच वाणाचं आणि मोजून घ्या, नाहीतर मी मानणार नाही.

ऐनाची_सावली: घाटमाथा, वणवा अडवायची जाळरेषा काढायला बोलावलंत तर कोयता घेऊन येईन. राब मात्र भाजणार आणि कवळ माझ्याच बांधावरची तोडणार. त्यावर मला कोणी शिकवू नये.