वडिलांच्या फुप्फुसांसाठी एनके पेशींचे उपचार: कुणाला अनुभव आहे का? (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

आमचे अप्पा ७३ वर्षांचे. पूर्व भागात यंत्रमागावर हयात गेली त्यांची. एप्रिल २०२१ला कोविड झाला, १९ दिवस ऑक्सिजनवर होते. जीव वाचला, पण फुप्फुसांवर व्रण राहिले. छातीच्या डॉक्टरांनी सीटी बघून फायब्रोसिस सांगितलं. व्रण वाढू नयेत म्हणून निन्टेडॅनिबच्या गोळ्या चालू आहेत, घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणलाय. सिद्धेश्वराला रोज पहाटे पायी जाणारा माणूस, आता न्हाणीपर्यंत जाऊन आला की खाटेवर बसून धापा टाकतो. बघवत नाही.

नात्यातल्या एकाने पुण्यातल्या एका क्लिनिकचा नंबर दिला (नाव लिहीत नाही). अप्पांचंच रक्त काढून त्यातल्या एनके (नॅचरल किलर, प्रतिकारशक्तीच्या) पेशी वाढवायच्या आणि सलाईनमधून परत सोडायच्या. ४ डोस, साडेचार लाख. आईने पाटल्या काढून माझ्या हातात दिल्यात.

मी जमेल तसं वाचलं. एनके पेशी विषाणू शिरलेल्या पेशी हुडकून मारतात. अप्पांच्या अंगात आता विषाणू नाही, व्रण आहे. मग त्या मारणार काय? शिवाय वयाबरोबर प्रतिकारशक्तीच्या पेशीही थकतात, म्हणजे त्याच थकलेल्या पेशी वाढवून परत देणार का? २०२० साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी नाळेच्या रक्तातल्या नियामक टी पेशी (दाह आवरणाऱ्या) कोविडच्या २ रुग्णांना दिल्या होत्या, दोघे बरे झाले. पण तो ऐन आजारातला दाह होता, जुना व्रण नव्हे. क्लिनिकवाले आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कार-टी थेरपीचं (रुग्णाच्याच टी पेशी प्रयोगशाळेत बदलून परत द्यायच्या) उदाहरण देतात. तिला २०२३ला मंजुरी मिळाली खरी, पण ती रक्ताच्या कर्करोगासाठी.

हा प्रयोग असेल तर सीटीआरआयचा (देशातल्या वैद्यकीय प्रयोगांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक द्या, असं फोनवर विचारलं. "प्रोसेस चालू आहे" म्हणाले. संशोधनात भाग घेणाऱ्याकडून संशोधनाचा खर्च घेऊ नये, असं आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) नियमांत आहे. मग हे साडेचार लाख कशाचे?

कुणाच्या आईवडिलांनी फायब्रोसिससाठी असं काही घेतलंय का? सहा महिन्यांनी चालणं, ऑक्सिजन, काही फरक पडला? सोलापुरात फुप्फुसांचे व्यायाम नीट शिकवणारे फिजिओथेरपिस्ट कुणाला माहीत आहेत का? दुसरं मत घ्यायला सिव्हिलच्या छाती विभागात गेलं तर सोबत कोणते कागद न्यावेत?

क्लिनिकने बुधवारपर्यंत आगाऊ रक्कम भरायला सांगितलंय. पाटल्या अजून कपाटातच आहेत. त्याआधी कुणी लिहिलंत तर फार उपकार होतील.