मोयेते म्हणजे शाही तुकडा? काहीही!

पाकपंडित: ग्वाटेमालाच्या पवित्र आठवड्यावर (ईस्टरच्या आधीचा ख्रिस्ती सोहळा, २०२२ साली युनेस्कोच्या यादीत गेलेला) एक लेख वाचला; त्यात तिथल्या सारण भरलेल्या गोड पावाबद्दल ‘मोयेते म्हणजे तिकडचा शाही तुकडा’ असं ठोकून दिलंय. अहो, शाही तुकड्याला रबडी वरून असते, इथे सारण आत! आदल्या दिवशीचा गोल गोड पाव आडवा चिरायचा, एक कड जोडलेली ठेवायची. आत मांहार, म्हणजे दुधाचं घट्ट सारण: लिटरभर दुधाला ८० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, साखर, दालचिनी, घट्ट शिजवून पूर्ण गार. कोमट भरलंत तर कढईत गळणार. मग अंड्याच्या पांढऱ्याचा ताठ फेस, त्यात पिवळं आणि चमचाभर मैदा अलगद, बुडवून तळायचं. शेवटी पातळ पाकात मंद आचेवर दहा मिनिटं. एकतारी पाक बाहेरच चिकटतो, पाव आत कोरडाच.

लिंबूटिंबू: ईस्टरआधीच्या उपवासकाळात अंडी-दूध? मग उपवास कसला?

पाकपंडित: ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ वाल्यांनी हे विचारावं! त्यांचं पथ्य मांसाचं; राखेचा बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि त्या काळातले शुक्रवार. अंडी, दूध, मासे चालतात.

गूळखडा: मोयेते राहू द्या. त्या लेखातली खरी घोडचूक गार्बान्सोची, म्हणजे पाकातल्या काबुली चण्यांची आहे. ‘काबुली चणे रापादुरा घालून शिजवा’ म्हणे! रापादुरा म्हणजे गूळच. पुरणाची डाळ शिजायच्या आधी कोणी गूळ घालतं का? गुळातलं कॅल्शियम आणि आंबटपणा साल घट्ट करतात, चणा चामट राहतो. अर्धा किलो चणे रात्रभर भिजवा, बोटात चेपेपर्यंत शिजवा, सालं काढा. मगच अर्धा किलो गूळ, दालचिनी, दोन वाट्या पाणी, अर्धा तास.

लिंबूटिंबू: पांढऱ्या साखरेनेही चणे दडदडीत राहतात. तिच्यात कुठलं कॅल्शियम?

गूळखडा: साखर पाणी ओढून घेते, म्हणून. बरं, कारणं दोन. झालं समाधान?

पाकपंडित: आधी गूळ नको हे मान्य. पण चणे पूर्ण मऊ करून पाकात टाकले तर फुटतात, पाक गढूळ. किंचित कच्चट असतानाच घाला.

गूळखडा: कच्चट घातलेला कच्चटच राहतो! फुटतात ते तुमच्या मोठ्या आचेने आणि डाव फिरवण्याने. भांडं नुसतं हलवायचं.

लिंबूटिंबू: सालं सहज निघायला भिजवताना सोडा घालावा ना?

गूळखडा: चिमूटभरच. चमचाभर घालाल तर चणे विरघळून पिठलं होईल.

पाकपंडित: दालचिनीचं पिठलं. त्याचाही धागा काढा आता.