व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र: खरंच डाग जातात की नुसता फेस?

घरची_कटकट:
आमच्या सोसायटीत निम्मं पाणी बोअरचं, निम्मं टँकरचं. नळ, शॉवर, बाथरूमच्या टाइल्स, सगळीकडे पांढरे खरखरीत डाग. जाऊबाईंनी फॉरवर्ड पाठवलाय: व्हिनेगर, खायचा सोडा आणि लिंबू बाटलीत भरून ठेवा, केमिकलशिवाय अख्खं घर चकाचक. "कुणी करून पाहिलंय का?" असं ग्रुपवर विचारलं तर नुसते जोडलेले हात आले. गॅलरीत आणि मोरीत शहाबादी आहे. करू का हे?

निवृत्त_मास्तर:
अकरावी-बारावीला जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं, असलं वाचलं की हात लाल पेनाकडे जातो. व्हिनेगर आम्ल, सोडा त्याच्या उलट. एकत्र केले की फसफसून कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरतं जवळजवळ खारं पाणी. डाग काढणारं आम्ल बाटलीतच मेलं! वर बूच घट्ट लावलंत तर बाटली फुटायची.

तुमचे डाग मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे. त्यांना नुसतं साधं व्हिनेगर पुरतं, त्यात ४-५ टक्के आम्ल असतं. फडकं भिजवून नळाला गुंडाळा, अर्ध्या तासाने जुन्या टूथब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा. रात्रभर ठेवू नका, मुलामा खराब होतो. सोडा ठेवा करपलेल्या स्टीलच्या पातेल्यासाठी, त्यात पाणी घालून उकळा. ॲल्युमिनियमचं असेल तर नको, काळं पडतं.

शहाबादीला मात्र व्हिनेगर किंवा लिंबाचा थेंबही नको. तो दगडच चुनखडीचा. नळावरचा थर आणि तुमची फरशी चुलत भावंडं, आम्ल दोघांनाही सारखंच खातं. कोटा, कडप्पा, संगमरवर यांचंही तेच. विश्वास नसेल तर गच्चीत पडलेल्या फरशीच्या तुकड्यावर लिंबू पिळा आणि चष्मा लावून बघा, बारीक बुडबुडे येतील.

चिंचगूळ:
मास्तर, मग पितळेला चिंच-मीठ? तेही ऐकीवच ना?

निवृत्त_मास्तर:
ते पक्कं. चिंचेतलं टार्टरिक आम्ल वरचा काळपट थर विरघळवतं. फक्त लगेच धुवून कोरडं पुसा. लॅकर मारलेल्या शोभेच्या वस्तूंना लावू नका.

वसईची_वहिनी:
डाग राहू द्या, जीव सांभाळा. आमच्या मजल्यावर एकीने संडासात टॉयलेट क्लीनर ओतलं आणि वर ब्लीचिंग पावडर टाकली. दुप्पट स्वच्छ होईल म्हणे! जिन्यापर्यंत वास, तिला श्वास घेता येईना.

निवृत्त_मास्तर:
क्लोरीन वायू तो. ब्लीच आणि कुठलंही आम्ल, व्हिनेगरसुद्धा, कधीच एकत्र नाही. झालंच तर पुसत बसू नका, आधी बाहेर पळा. खोकला किंवा धाप थांबेना तर थेट डॉक्टर.

घरची_कटकट:
मास्तर, एक राहिलंच. सासूबाईंनी गॅलरीत आधीच लिंबू घासलंय. पांढुरके चट्टे दिसतात. कशाने जातील?

निवृत्त_मास्तर:
कशानेच नाही. तो डाग नाही, दगडच झिजलाय. फरशी पॉलिश करणाऱ्याला दाखवा, वरवरचं असेल तर निघेल. तोवर कुंडी सरकवा तिथे, आणि सासूबाईंना हा धागा दाखवू नका.