पट्ट्यांच्या धनुष्याला गम कुठला?

बांबू आणि सागाच्या पट्ट्या सुतारकामाच्या साध्या पांढऱ्या गमने चिकटवू का, असं एकानं विचारलंय. दादा, खुर्चीला चालेल, धनुष्याला नको. तो गम सतत ताणाखाली हळूहळू सरकतो, उष्णतेत तर जास्तच. आणि आपल्या परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२ च्या पुढं जातो! दोन भागांचा, सावकाश सुकणारा इपॉक्सी घ्या. पण तोही उन्हात झटपट घट्ट होतो, म्हणून कालवणं-लावणं भल्या पहाटे उरकलेलं बरं. चिकटवायच्या बाजू जाड सँडपेपरने खरबरीत करा आणि शिकंजे पार आवळू नका. गम सगळा बाहेर आला तर मधे राहणार काय? शिकंजे कमी पडले तर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून गुंडाळा. दाब सगळीकडं सारखा बसतो, खर्च शून्य.

बांबू पाठीला, म्हणजे निशाण्याकडच्या बाजूला. ती बाजू ताणली जाते, आणि बांबूचे दाट तंतू सालीलगतच असतात. म्हणून साल तासू नका, गाठी फक्त हलक्या हाताने साफ करा.

जाडीशी मात्र जपून. रुंदी दहा टक्के वाढली तर ताठपणा दहाच टक्के वाढतो, जाडी तेवढीच वाढली तर जवळपास ३३ टक्के. शेवटी रंधा बाजूला ठेवून सागाची बाजू पत्रीनेच (खरवडायच्या पोलादी पातीने) खरवडा, थोडं खरवडलं की वाकवून बघा. बाण न लावता दोरी सोडायची नाही, पोरांनाही बजावून ठेवा.