प्रत्येक विधेयक समितीकडे पाठवणं सक्तीचं करावं का? ('तळटीप', 'मधलं बाक' आणि रेवती या तिघांचा वाद; पहिली दोन टोपणनावं.)

तळटीप: विधेयक मांडायचं, त्याच्या तत्त्वावर बोलायचं, मग खंडशः, म्हणजे एकेक कलम घेऊन, विचार, दुरुस्त्या, मंजुरी. महाराष्ट्रात हे दोनदा, विधानसभेत आणि परिषदेत. मग राज्यपालांची संमती आणि राजपत्र. पद्धत भक्कमच आहे हो! पण अधिवेशनाचा शेवटचा आठवडा बघा. समोर घोषणाबाजी, आणि अध्यक्षांच्या जागी बसलेल्या तालिका सदस्याकडून एका दमात खंड २ पासून शेवटपर्यंत सगळे 'विधेयकाचा भाग'. होयचे बहुमत, पुढचं विधेयक घ्या.

म्हणून माझं म्हणणं, अर्थविषयक सोडून प्रत्येक विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलंच पाहिजे. शहरी नक्षलवाद रोखायला म्हणून आणलेलं जनसुरक्षा विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये गेलं. बारा हजारांवर सूचना-हरकती आल्या, मसुदा बदलला, जुलै २०२५ मध्ये मंजूर झालं. कायदा आवडो न आवडो, कुणीतरी शब्द वाचले.

मधलं बाक: वाचले, पण समितीतही बहुमत सरकारचंच. व्याख्या सैल आहेत ही तक्रार नंतरही राहिलीच. आणि उशीर झाला की काय होतं, तेही आपण पाहिलंय. जादूटोणाविरोधी विधेयक २००५ मध्ये विधानसभेत मंजूर झालं, परिषदेत अडकलं. २० ऑगस्ट २०१३ ला, त्या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. दाभोलकरांचा खून झाला आणि चार दिवसांत अध्यादेश निघाला! इतकी वर्षं अभ्यासच चालला होता म्हणायचा. तुम्ही आणखी एक शीतपेटी मागताय.

तळटीप: उदाहरण तुमच्याच अंगावर येतंय. अनुच्छेद १९७ वाचा. परिषद साधं विधेयक पहिल्यांदा तीन महिने रोखू शकते. विधानसभेने ते पुन्हा मंजूर करून पाठवलं, तर फार तर आणखी एक महिना. मग परिषद रुसली तरी ते मंजूर धरतात. सरकारच्या मनात असतं तर वाट मोकळी होती. दोष उशिराच्या टप्प्याचा नाही, इच्छेचा.

रेवती: दोघंही मुंबईतच अडकलात. महिलांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा देणारं शक्ती विधेयक आठवतं? संयुक्त समिती झाली, डिसेंबर २०२१ मध्ये विधानसभेत एकमताने मंजूर झालं. केंद्राच्या फौजदारी कायद्यांत बदल असल्याने राष्ट्रपतींची संमती हवी होती. ती आलीच नाही. राज्यपालही विधेयकं अशीच अडवून ठेवू शकतात. तामिळनाडूच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये संमतीच्या निर्णयाला मुदत घालून दिली, नोव्हेंबरमध्ये घटनापीठ म्हणालं की न्यायालयाला अशी मुदत ठरवता येणार नाही. फार काळ विनाकारण बसून राहता येत नाही, एवढंच उरलं. मग समितीत घाम गाळायचा कशाला?

तळटीप: रेवतीताई, ती गाठ वेगळी. बहुतेक विधेयकं दिल्लीला जातच नाहीत, इथेच सही होऊन लागू होतात. चुकलेला शब्द तिथेच लोकांना चिकटतो, आणि मग वर्षभरात 'सुधारणा विधेयक' येतं. तेही गोंधळातच.

मधलं बाक: हे मात्र खरंय. ठीक, समितीला साठ दिवसांची मुदत नियमातच घाला, मी तुमच्या बाजूने. पण एक सांगा, मुदतवाढ मागितली तर ती देणार कोण? सभागृहच ना? आवाजी मतदानाने?