डेडलॉक : कोंडी, मगरमिठी की तिढा?

मंडळी, ई-मेल वाहून नेणाऱ्या नेटवर्कमधला डेडलॉक, म्हणजे यंत्रं एकमेकांसाठी कायमची अडून बसणं, कसा टाळावा, यावर मराठीत टिपण लिहितोय. ‘गतिरोध’ लिहिलं, तर वाचणाऱ्याने विचारलं, गतिरोधक कुठे बसवायचा? दुसरा शब्द सुचवा.

— ‘कोंडी’ आहे की. वाहतूक कोंडी सगळ्यांना कळते.

— कळते, पण ती तासाभराने आपसूक सुटते. शिवाय ‘कोंडीत पकडणं’ म्हटलं की एक पकडणारा आणि एक सापडलेला. इथे दोघेही सापडलेले. ‘अ’ यंत्राचे सगळे बफर (तात्पुरत्या साठवणीच्या जागा) ‘ब’कडे जायच्या पॅकेटांनी, म्हणजे माहितीच्या तुकड्यांनी, भरलेत, ‘ब’चे ‘अ’कडे जायच्या. समोरच्याकडे जागा नाही म्हणून तो घेत नाही, आणि तो घेत नाही म्हणून आपली जागा रिकामी होत नाही. तारा धड, यंत्रं चालू, पण एक पॅकेट हलेल तर शपथ!

— संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी याला ‘डेडली एम्ब्रेस’, म्हणजे जीवघेणी मिठी, म्हटलं होतं. आपल्याकडे ‘मगरमिठी’ तयारच आहे.

— मगरमिठीत मगरीचं काय अडतं? न्यायशास्त्रातला, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रातला, ‘अन्योन्याश्रय’ (दोघांचं एकमेकांवर अवलंबून असणं) जास्त चपखल; तिघे-चौघे गोलात अडकले तर ‘चक्रक’. कॉफमन प्रभृती संगणकशास्त्रज्ञांनी १९७१ साली डेडलॉकच्या चार अटी मांडल्या, त्यांतली एक हीच, एकमेकांसाठी गोलात थांबणं. चारांतली एक जरी मोडली तरी डेडलॉक होत नाही. म्हणून बफरना क्रमांक देतात. जितके टप्पे चालून पॅकेट आलं, तितक्या वरच्या क्रमांकाचा बफर त्याला खुला. प्रत्येक जण वरच्याच क्रमांकासाठी थांबतो, गोल पुरा होत नाही.

— अन्योन्याश्रय बरोबर आहे, पण सर्व्हर सांभाळणारा तो बोलणार नाही. मी ‘तिढा’ म्हणेन. सर्व्हरला कमांडी एकगठ्ठा पाठवणाऱ्या मेल क्लायंटने (पत्र धाडणाऱ्या प्रोग्रॅमने) मधे उत्तरंच वाचली नाहीत, तर उत्तरं तुंबतात, सर्व्हर ती लिहिण्यात अडकून वाचायचा थांबतो, मग क्लायंटचंही लिहिणं अडतं. पेडात पेड. अशा गठ्ठ्यांचे नियम सांगणारा इंटरनेटचा दस्तऐवज, आरएफसी २९२०, बजावतो, नॉन-ब्लॉकिंग (लिहिताना अडून न बसण्याची) सोय नसेल तर गठ्ठा टीसीपीच्या विंडोत, म्हणजे पोच येण्याआधी जेवढं पाठवता येतं तेवढ्यात, मावलाच पाहिजे. मेल-लूपला मात्र तिढा म्हणू नका. तिथे पत्र अडकत नाही, फिरत राहतं.

— तिढा पटला. मग शीर्षक ‘तिढा टाळणे’?

— वाद टाळतात. तिढा पडतो, सुटतो, सोडवतात. ‘तिढा पडू न देणे’ करा.