जागल्या म्हणावं का त्याला?

रविवारी आम्ही आठदहा जण सोलापुरात एका मित्राच्या घरी गुप्त सरकारी कागद छापणारं विकिलीक्स हे संकेतस्थळ काढणाऱ्या ज्युलियन असांजवरचा 'रिस्क' हा लॉरा पॉइट्रसचा माहितीपट बघणार आहोत. निरोपात मी लिहिलं, 'एका वादग्रस्त जागल्याची गोष्ट'. एका काकांनी लगेच टोकलं, "तो कसला जागल्या?" व्हिसलब्लोअरला, म्हणजे आतला गैरप्रकार बाहेर सांगणाऱ्याला, पेपरवाले हाच शब्द वापरतात ना?

प्रतिसाद :
शब्द बरोबर आहे ओ, माणूस चुकला. जागल म्हणजे रात्रीची राखण. मोहोळकडं आमच्या आज्जाची ज्वारी हुरड्यात आली की चुलते माळ्यावर जागलीला जायचे. उशाला गोफण, हाताशी तेलाचा रिकामा डबा. रानडुक्कर शिरलं की डबा बडवायचा, हाळी द्यायची. म्हणजे जागल्या हा राखणीला ठेवलेला, आतला माणूस. अमेरिकी लष्करात राहून कागद बाहेर काढले ते चेल्सी मॅनिंगनं. जागल्या म्हणायचं तर तिला. असांज आत कधी नव्हताच. २००६ मध्ये विकिलीक्स काढलं, हाती आलं ते छापलं.

प्रतिसाद :
मग मॅनिंगला 'फितूर' का नको? तिकडं कितीतरी जण तेच म्हणत होते.

प्रतिसाद :
फितूर गनिमाला जाऊन मिळतो. २०१३ मध्ये लष्करी न्यायालयानं मॅनिंगला हेरगिरी कायद्याखाली दोषी धरलं, ३५ वर्षं ठोठावली, पण 'शत्रूला मदत' या आरोपातून सोडलं. फितुरी नाही, हे न्यायालयानंच सांगितलं की!

असांजसाठी मला 'चव्हाट्यावर मांडणं' पटतं. चव्हाटा म्हणजे चार वाटा मिळतात ती जागा (आपल्या सोलापुरात तर सात रस्ता नावाचा चौकच आहे, सोय जास्त). या शब्दाला बदनामीचा वास आहे, तोही इथं हवाच. घरचं भांडण चव्हाट्यावर आणलं की शेजाऱ्याचीही नावं निघतात. २०११ मध्ये त्यानं अमेरिकी वकिलातींच्या सुमारे २.५ लाख राजनैतिक तारा, म्हणजे अंतर्गत संदेश, त्यातल्या माणसांची नावं न झाकता टाकल्या, तेव्हा आधी सोबत असलेल्या वर्तमानपत्रांनीही निषेध केला होता.

मूळ प्रश्नकर्ता :
पटलं. 'गौप्यस्फोट'ही मनात आला होता, पण तो रोज संध्याकाळी टीव्हीवर होतो. निरोप बदललाय : 'चव्हाट्यावर मांडणारा प्रकाशक'. काकांचा उत्तरादाखल एकच शब्द आला, 'चालतंय'.